आकृतीत एकूण चौकोन किती?



आपल्यापैकी ज्यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आहे त्यांना हा प्रश्न नक्की आठवत असेल. एक मोठा चौरस, त्यात आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी केलेली, आणि खाली विचारलेले असते, 'वरील आकृतीत एकूण चौकोन किती?' पुढे चार पर्याय. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आमच्या नोकरीच्या काळात चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला घेण्यास सुरुवात झाली. वर्ग बदलले तरी हा प्रश्न काही बदलला नाही. माझ्या नातवाच्या पुस्तकातही तो जसाच्या तसा आहे.

मी काही गणिताचा पदवीधर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मास्तर. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच मास्तर भाषाही शिकवतो, इतिहासही शिकवतो आणि बुद्धिमत्ता चाचणीही सोडवून घेतो. त्यामुळे ही जाळी आयुष्यभर फळ्यावर काढली. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा लक्षात आले की या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या पाठीशी फार मोठा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या बीडपर्यंत येतो. (येतो असे पुष्कळांना वाटते, असे म्हणू या. खरे काय ते पुढे सांगतो.) म्हणून आजचा हा लेख. जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. समजा तीन बाय तीनची जाळी आहे, म्हणजे आत नऊ घरे. पहिल्यांदा सोडवणारे मूल लगेच उत्तर देते, 'नऊ!' जरा हुशार मूल म्हणते, 'दहा, कारण बाहेरचा मोठा चौकोनही धरायचा.' मग ध्यानात येते की दोन-दोन घरे मिळूनही चौकोन होतो, तीन मिळूनही होतो, चार मिळूनही होतो. मग सुरू होते बोटाने मोजणे. इथेच सगळा घोटाळा होतो. एक चौकोन दोनदा मोजला जातो, दुसरा सुटून जातो. वर्गात चाळीस मुले असली तर पंधरा वेगवेगळी उत्तरे येतात आणि प्रत्येकाला आपलेच बरोबर वाटते.

खरे उत्तर असे आहे. फक्त चौरस मोजायचे असतील, म्हणजे ज्यांच्या चारही बाजू सारख्या, तर १४. एका घराचे ९, चार घरांचे ४ आणि पूर्ण मोठा १. आणि आयतासकट सगळे चौकोन मोजायचे असतील तर ३६.

हे ३६ कसे आले ते सांगताना मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवते. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आसपास ती जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. मधला सगळा अभ्यास बुडालेला. एकदा परत आल्यावर वर्गात हीच जाळी फळ्यावर होती आणि सगळी पोरे घरे मोजत होती. ही थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "गुर्जी, घरं कशाला मोजायची, काकऱ्या मोजा की."

आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात हे शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. रानात आधी उभ्या काकऱ्या पाडायच्या, मग त्यांच्यावर आडव्या पाडायच्या. जिथे दोन काकऱ्या एकमेकींना छेदतात तिथे फुली पडते. त्या फुलीवर सरकी टोबायची. मग कोळपे उभेही चालते आणि आडवेही चालते, निंदणीचा खर्च वाचतो. झाडे किती लागली हे पाहायला कोणी रानभर हिंडत नाही. उभ्या काकऱ्या किती, आडव्या किती, आणि गुणाकार. त्या मुलीने हेच रान फळ्यावर पाहिले होते.

तिचे म्हणणे पुढे नेले की उत्तर आपोआप मिळते. कोणताही चौकोन घ्या, त्याला डावी-उजवी बाजू म्हणून दोन उभ्या रेघा लागतात आणि वर-खाली म्हणून दोन आडव्या रेघा. म्हणजे चौकोन मोजायचा म्हणजे रेघांच्या जोड्या मोजायच्या. तीन बाय तीनच्या जाळीत उभ्या रेघा चार आहेत. (तीन नव्हेत हं. घरे तीन असली की रेघा चार.) चार रेघांतून दोन-दोनच्या जोड्या किती? पहिलीची इतर तिघींशी, म्हणजे ३. दुसरीची उरलेल्या दोघींशी, २. तिसरीची चौथीशी, १. एकूण ६. तशाच आडव्या रेघांच्या जोड्या ६. उभ्यांची प्रत्येक जोडी आडव्यांच्या प्रत्येक जोडीबरोबर एक आणि एकच चौकोन करते. म्हणून ६ × ६ = ३६. कोणताही चौकोन सुटत नाही, कोणताही दोनदा मोजला जात नाही. बोट टेकवायचे कारणच उरत नाही.

आता इतिहासाकडे येऊ.

अनेक वस्तूंतून काही निवडायच्या असतील तर किती प्रकारे निवडता येतील, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तो भूमितीतून आलेला नाही. तो आला छंदातून, स्वयंपाकातून, औषधातून आणि अत्तरातून! पिंगलाच्या छंदःसूत्रात लघु-गुरूंच्या किती रचना होतात याचा विचार आहे. दहाव्या शतकात हलायुधाने त्यावर टीका लिहिताना मेरुप्रस्तार समजावून सांगितला. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, अशी घरांची उतरंड मांडायची आणि वरच्या दोन घरांतल्या अंकांची बेरीज खालच्या घरात लिहायची. युरोपात ही मांडणी पास्कलच्या नावाने ओळखली जाते. त्याने त्यावर १६५४ च्या सुमारास लिहिले. वैद्यकात सहा रसांच्या किती जुळण्या होतात ते मोजले गेले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचा विचार करताना सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर १८२० प्रकार होतात असे सांगितले. आजच्या सूत्राने करून पाहा, १८२० च येतात.

या सगळ्याचा सर्वसाधारण नियम महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात आहे. हे जैन गणिती नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातले मालखेड. राष्ट्रकूटांचे राज्य आपल्या मराठवाड्यावरही होते, वेरुळचे कैलास लेणे त्यांचेच. तेव्हा महावीराचार्यांना अगदीच परके समजायचे कारण नाही.

आणि मग येतात भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत, लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यातली लीलावती म्हणजे अंकगणिताचे पाठ्यपुस्तकच. प्रा. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य वाचावे. माझ्यासारख्या बी. ए. वाल्यालाही ते समजते.

लीलावतीत एक उदाहरण आहे. राजाच्या सुंदर, ऐसपैस वाड्याला कुशल कारागिराने आठ झरोके ठेवले आहेत. त्यातले एका वेळी एक, दोन, तीन असे उघडायचे तर एकूण किती प्रकारे उघडता येतील? पद्धत अशी की आठापासून उतरते अंक वर लिहायचे आणि एकापासून चढते खाली. आठाला एकाने भागले, ८. त्याला साताने गुणून दोनाने भागले, २८. त्याला सहाने गुणून तिनाने भागले, ५६. पुढे ७०, ५६, २८, ८ आणि १. एकूण २५५. पाठोपाठ सहा रसांचे उदाहरण आहे, त्याचे उत्तर ६३. आणि भास्कराचार्य सांगतात की हा नियम छंदशास्त्रात, शिल्पात, वैद्यकात सगळीकडे उपयोगी पडतो, पण विस्तार होईल म्हणून ते सारे इथे सांगत नाही. शिक्षकाला हे वाक्य फार जवळचे वाटते. तास संपत आला की आम्हीही हेच म्हणायचो!

आता या नियमातली फक्त दुसरी पायरी घ्या. आठ झरोक्यांतून दोन, म्हणजे ८ × ७ ÷ २ = २८. आपल्या जाळीला लागते ती एवढीच पायरी. चार रेघांतून दोन, ४ × ३ ÷ २ = ६. पाच रेघा असतील तर १०, आणि चार बाय चारच्या जाळीत चौकोन १०० होतात. बुद्धिबळाच्या पटावर आठ-आठ घरे, म्हणजे नऊ-नऊ रेघा. ९ × ८ ÷ २ = ३६, आणि ३६ × ३६ = १२९६. चौसष्ट घरांच्या पटावर तब्बल १२९६ चौकोन! बोटाने मोजायला बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. लीलावतीत रेघांच्या जाळीतले चौकोन मोजण्याचा प्रश्न नाही. आजकाल कोणतीही गोष्ट दिसली की 'हे आमच्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले आहे' असे म्हणायची पद्धत पडली आहे. तसे मला म्हणायचे नाही. प्रश्न नवा आहे, तो सोडवणारा नियम जुना आहे. नियम जुना असूनही नव्या प्रश्नाला लागू पडतो यातच त्याचा मोठेपणा आहे.

नुसत्या चौरसांचे काय? तिथे आणखी मागे, आर्यभटाकडे जावे लागते. तीन बाय तीनमध्ये ९ + ४ + १ = १४, चार बाय चारमध्ये १६ + ९ + ४ + १ = ३०. म्हणजे वर्गांची बेरीज. आर्यभटीय हा ग्रंथ इ. स. ४९९ चा. त्यात एकापासून पुढच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज कशी करावी हे एका ओळीत सांगितले आहे. शेवटची संख्या, तिच्यात एक मिळवून येणारी संख्या, आणि त्या दोघींची बेरीज, या तिघींचा गुणाकार करून सहाने भागायचे. बुद्धिबळाच्या पटासाठी ८, ९ आणि १७. गुणाकार १२२४, भागिले ६, उत्तर २०४. पटावरचे चौरस २०४.

त्याच ठिकाणी आर्यभट आणखी एक गोष्ट सांगतो. घनांची बेरीज ही साध्या बेरजेच्या वर्गाएवढी असते. म्हणजे १, ८, २७ यांची बेरीज ३६, आणि १ + २ + ३ = ६, त्याचा वर्गही ३६. हा आपलाच ३६! तीन बाय तीनच्या जाळीतले सगळे चौकोन. पुढच्या जाळीत ६४ नवे चौकोन येतात, ३६ + ६४ = १००. हे ६४ म्हणजे चाराचा घन. जाळी एकेक घराने वाढवत गेलो की दर वेळी नेमका घन एवढे नवे चौकोन भर पडतात. वर्ग आणि घन हे दोन्ही एका शाळकरी आकृतीत लपून बसलेले आहेत हे मला ज्या दिवशी दिसले त्या दिवशी रात्री बराच वेळ झोप आली नाही. सौ. ने विचारले, 'काय झाले?' म्हटले, 'छत्तीस आले.'

असो. आता बीडकडे वळू.

भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव स्वतःच लिहून ठेवले आहे. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे विज्जडविड म्हणजे कोणते गाव यावर विद्वानांचे पुष्कळ वाद झाले. कोणी विजापूर म्हणाले. 'विड' या अक्षरांवरून कोणी आपले बीड म्हणाले. आमच्या जिल्ह्यात हे सांगणारे लोक तुम्हाला भरपूर भेटतील, आणि छाती पुढे काढून सांगतील. बालाघाटचे डोंगर ही सह्याद्रीचीच शाखा, असा पुरावाही पुढे करतील. मलाही वाटे, काय हरकत आहे? दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण यांपलीकडे आमच्या जिल्ह्याचे नाव कोणत्या कारणाने घेतले जाते? एक भास्कराचार्य मिळाले तर कुणाला नको आहेत?

पण इतिहासात हवे-नको चालत नाही. चाळीसगावजवळ पाटण नावाचे ठिकाण आहे. पितळखोऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीचे. तिथल्या शिलालेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला मठ काढला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी. त्या भागातल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडीदेव या राजांनी मठाला दान दिले.

भास्कराचार्यांचा जन्म इथेच झाला असे त्या लेखात म्हटलेले नाही, हे खरे. पण घराण्याची नावे दगडात कोरलेली, ग्रंथ शिकवण्याचा मठ तिथलाच, आणि गावही सह्याद्रीच्या कुशीत. या सगळ्यापुढे नुसते नावातले 'विड' फार हलके पडते. म्हणून माझे मत पाटणकडेच झुकते. बीडकर असूनही हे लिहितो आहे, माझे भाचे आणि पुतणे रागावतील ते रागावोत! वर्गात मुलांना 'उत्तर कसे काढले ते दाखवा' म्हणून सांगायचे आणि आपण मात्र नावाच्या सारखेपणावर उत्तर लिहून मोकळे व्हायचे, हे बरे नव्हे.

आणि बीडचा धागा अगदीच तुटतो असेही नाही. ज्या सिंघणाच्या दरबारी चांगदेव ज्योतिषी होता त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. अंबाजोगाईला खोलेश्वराचे मंदिर आहे, त्याच्या घराण्याचे शिलालेख आहेत. एकाच राजाच्या पदरी असलेले दोघे. एकाने तलवार चालवली, दुसऱ्याने आजोबांचे गणित शिकवण्याची सोय केली. दोघांचे लेख दगडात राहिले. मराठी भाषेची पहिली पावले ज्या काळात उमटली तोच हा काळ. परंपरेने मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११० चा मानला जातो, आणि मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईलाच आहे.

पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकीचा लेख संस्कृतात आहे, पण हा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात बाजारातल्या मालावरच्या कराचा कोणता हिस्सा मठाला द्यायचा ते सांगितले आहे. राजाची स्तुती संस्कृतात केली, पण पैशांचा व्यवहार मात्र दुकानदाराला कळेल अशा भाषेत लिहिला! म्हणजे त्या गावात जो माल विकला जाई त्यातला वाटा गणित शिकवण्याकडे जाई. आठशे वर्षांपूर्वीचा हा शिक्षण-करच म्हणायचा.

पुढे यादवांचे राज्य गेले, पण लीलावती टिकली. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने तिचे फारसीत भाषांतर केले. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचे आणि १८१७ मध्ये लंडनला कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर निघाले. हा फारसीचा उल्लेख वाचला तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वडील उर्दू माध्यमातून शिकलेले. त्यांच्या तोंडी बेरीज-वजाबाकी नसे. जमा, तफरीक, जरब आणि तकसीम असे. लहानपणी आम्हाला त्याचे हसू येई. आज वाटते, गणित संस्कृतातून फारसीत गेले, उर्दूत गेले, मराठीत आले, आणि कुठेही ३६ चे ३५ झाले नाहीत.

आता थोडे आजचे बोलतो आणि संपवतो.

बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत या प्रश्नाखाली एक चौकट असते, 'क्लृप्ती'. घरांना अंक द्या, त्यांची बेरीज करा, गुणाकार करा, झाले उत्तर. दहा सेकंदांत. क्लृप्ती खोटी नाही, तिच्यामागचे कारण तेवढे सांगितलेले नसते. त्यामुळे आकृतीत एक तिरपी रेघ आली की मूल अडते. चौरसाचे दोन्ही कर्ण काढले आणि 'त्रिकोण किती' विचारले की पाठ केलेले उपयोगी पडत नाही. (उत्तर ८. चार लहान, चार मोठे.) ज्याला 'आकृती कशाने बनते' हे कळले आहे तोच पुढे जातो.

शहरातल्या मुलाला क्लृप्ती विसरली तर शिकवणी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला ती नसते. त्याची शाळा ऐन हंगामात सुटते, आणि परीक्षा तर साधारण फेब्रुवारीत, कोयता चालू असतानाच. (आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी अवजाराने होते!) अशा मुलाकडे शाळेतून नेता येण्यासारखे एकच असते, कारण समजून घेतलेली गोष्ट. पाठ केलेले फडात विसरते. 'काकऱ्या मोजा की' हे विसरत नाही. आणि ज्याला मोजणे कारणासकट समजते त्याला पुढे उचलीचा हिशोब मुकादमाकडून नीट समजावून घेता येतो, 'इतके फिटले, इतके राहिले' हे स्वतः पडताळता येते. शिष्यवृत्तीच्या दोन गुणांपेक्षा मला हे मोठे वाटते.

२०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे सुरू करण्याचा निर्णय घेतला. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तितकीच भर शासनाने घालायची असे ठरले. ही बातमी वाचली तेव्हा मला पाटणचा दगड आठवला. बाजारात आलेल्या मालातला वाटा काढून शिकणाऱ्यांना द्यायचा, हीच ती आठशे वर्षांपूर्वीची कल्पना. तेव्हा तो वाटा मठाकडे जाई आणि तिथे शिकणारे शास्त्री-पंडित घरचे असत. आता तो ज्यांनी ऊस तोडला त्यांच्याच लेकरांकडे जायचा आहे. ही सुधारणाच आहे, मात्र ती दगडात कोरल्यासारखी पक्की झाली पाहिजे. किती टन गाळप झाले आणि किती मुले वसतिगृहात राहून शिकली, या दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात, हे आपण मोजत राहिले पाहिजे.

भास्कराचार्य बीडचे नसले तर नसोत. त्यांचे गणित समजून घेणारी लेकरे बीडची असली म्हणजे झाले.

जाता जाता वाचकांसाठी एक गृहपाठ. एक त्रिकोण काढा. वरच्या शिरोबिंदूपासून पायापर्यंत आत तीन रेघा ओढा, म्हणजे त्याचे चार भाग होतील. आता पायाला समांतर अशी एक रेघ मधून मारा. एकूण त्रिकोण किती? बोटाने मोजू नका, रेघांच्या जोड्या करा. उत्तर खाली लिहा आणि कसे काढले तेही लिहा. नुसते उत्तर लिहिणाऱ्यांना अर्धेच गुण मिळतील, मग ते नात्यातले का असेनात!